तीन वर्षांखालच्यांचे फुवा

तीन वर्षांवरच्या माणसात ज्यांना काडीचाही रस नव्हता, असे माझे फुवा हे मी आयुष्यात पाहिलेले एकमेव गृहस्थ. फुवा म्हणजे माझ्या फुईचे यजमान, आणि फुई म्हणजे वडिलांची बहीण. पुण्याकडे जिला आत्या म्हणतात ती. फुवांचं साधं मत होतं, की माणूस काय तो पहिली तीन वर्षं शहाणा असतो, पुढे नासतो. मोठ्या माणसांची नावं ते लक्षातच ठेवत नसत. माझ्या लग्नाला दोन वर्षं होईपर्यंत माझा नवरा त्यांच्या लेखी नुसता 'जावई' होता, तोही समोर आला तर. मग आम्हाला मुलगी झाली आणि नवऱ्याला एकदम बढती मिळाली. तो 'राणीना बाप' झाला, आणि फुवा त्याला चहासुद्धा विचारू लागले. ज्या कारखान्यात ते नोकरी करत त्याच्या मालकालाही ते मालक म्हणून ओळखत नसत. तो 'त्या कुरळ्या केसांच्या पोऱ्याचा आजा' होता. मुलाला तीन वर्षं पूर्ण झाली, की फुवा त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला रीतसर निरोप द्यायचे. "आते तू मोठा व्हयना. जाय, साळामा बठ," असं म्हणून ते पाठ फिरवत, आणि ते पोर दोन दिवस जेवत नसे.

आमचं घर सुरतेत, नवागामात होतं आणि गल्ली ओलांडली की समोर लूमचा कारखाना. वडील तिथे माग चालवायचे आणि फुवा तिथेच जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारे. दिवाळीला कारखाने बंद झाले, की अर्धं नवागाम ताप्ती लाईनच्या गाडीला लटकून खानदेशात जायचं. आमच्या घरचा उलटा न्याय. आजी-आजोबा गाव सोडून आमच्याकडे राहायला आले तेव्हापासून खानदेशच आमच्याकडे यायला लागला. काका यायचे, मावश्या यायच्या, मी शेजारच्याच डिंडोलीला दिलेली, मीही लेकीला घेऊन यायचे. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि एक ओटा. बायका सांजोऱ्या तळण्यात, पुरुष पत्ते कुटण्यात, आणि मधल्या सगळ्या जागेत दहा-बारा रांगती, दुडकती, एकमेकांचे केस ओढणारी पोरं.

आता ही पोरं साधीसुधी नव्हती. बहुतेक सगळी नवागाम-डिंडोलीची, म्हणजे लूमच्या खडखडाटात जन्मलेली. पोटात होती तेव्हापासून त्यांना तो आवाज. कारखाना चालू असला की भिंत थरथरते, भांड्यांच्या मांडणीवरचे पेले हलतात आणि पोरं गाढ झोपतात. धनत्रयोदशीला लूम बंद पडले की कुणी चिमटा काढल्यासारखी ती दचकून उठायची, आणि मग आठवडाभर दुपारची झोप म्हणून नाही. शांततेला घाबरणारी मुलं मी फक्त आमच्या गल्लीत पाहिली. खानदेशातून आलेली दोन-चार पोरं शांत झोपली असती, पण बाकीची जागी म्हटल्यावर त्यांना कोण झोपू देतो? आई म्हणायची, दिवाळीचं फराळाचं मला काही वाटत नाही, पण ही फौज कोण सांभाळणार? सांभाळायचे ते फुवा. धनत्रयोदशीच्या सकाळी ते डोक्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यांची उतरंड घेऊन गल्लीत शिरले, की घरातल्या बायका पदराने तोंड पुसून मोकळ्या हसायच्या.

ही खोकी साड्यांची. पर्वत पाटियाच्या मार्केटात माल भरून जाणारी खोकी फुवा ओळखीने आणायचे, त्यांना भोकं पाडून साडीच्या काठाच्या चिंधीने एकामागे एक बांधायचे आणि प्रत्येकात एक पोर बसवायचे. ही त्यांची सुरत-भुसावळ गाडी. इंजिन ते स्वतः. ओट्यावरून पडवीत, पडवीतून मधल्या खोलीत, परत ओट्यावर. उधना, बारडोली, व्यारा, एकही स्टेशन गाळायचं नाही. नंदुरबार आलं की जिचं माहेर नंदुरबारचं तिच्या पोराला खाली उतरवून पुन्हा चढवायचं. एकदा नवापूरला गाडी बराच वेळ थांबली. पत्ते खेळणाऱ्या काकांनी विचारलं, का हो, सिग्नल नाही का? फुवा म्हणाले, डब्यातल्या सोनूने पाणी सोडलं आहे, स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात, आता पुसायचं कुणी ते ठरू द्या. शेवटी ते त्यांनीच पुसलं. गाडीत तीन वर्षांवरच्या कुणालाही प्रवेश नव्हता. पाच वर्षांचा एक भाचा रडून रडून हैराण झाला तेव्हा त्याला त्यांनी फाटक उघडण्याच्या कामावर ठेवलं, पण डब्यात पाय ठेवू दिला नाही.

रडणाऱ्या पोराला गप्प करण्याची त्यांची पद्धत तर जगावेगळी होती. लोक खुळखुळा वाजवतात, चांदोबा दाखवतात. फुवा त्या पोरासमोर फतकल मारून बसायचे आणि त्याच्याहून मोठ्याने रडायला लागायचे. खोटं खोटं नाही. अगदी मनापासून, दु:खं सांगत सांगत. "मनी चप्पल हरायनी... माले कोनी भजा दिन्या नहीत..." पोर आधी चकित व्हायचं, मग त्याला या म्हाताऱ्याची लाज वाटायची, आणि शेवटी ते आपल्या हातातलं बिस्किट त्यांच्या तोंडात कोंबून त्यांची समजूत काढायचं. एका दिवाळीत असाच सामना रंगात आला असताना पलीकडच्या गुजराती काकी तांब्याभर पाणी घेऊन धावत आल्या. "शुं थयुं बेन? कोई गुजरी गयुं?" कुणी गेलं की काय, असं त्यांनी फुईला विचारलं. फुई सांजोरी लाटता लाटता म्हणाली, काही नाही, आमच्या माणसाची चप्पल हरवली. काकींनी इकडेतिकडे पाहिलं, फुवांची चप्पल त्यांच्याच पायांत होती.

जेवू घालण्याचंही तसंच. आम्ही आया वाटी घेऊन पोरांमागे धावायचो. फुवा खिचडीची परात खाटेखाली सरकवायचे आणि सगळ्यांना दम द्यायचे, की ही खिचडी माझी आहे, कुणी हात लावायचा नाही. मग तोंड भिंतीकडे करून घोरायला लागायचे. परात पाच मिनिटांत लख्ख. एकदा काकांचे व्याही पाव्हणे आलेले होते, त्यांच्यासाठी वाढून झाकून ठेवलेलं ताट चुकून खाटेखाली गेलं. ते ताटही लख्ख निघालं, आणि व्याह्यांना सुरतेचा पाहुणचार केवढा हलका असतो ते कळलं.

फुवांमध्ये एकच खोट होती, आणि तीही कारखान्याने दिलेली. त्यांचा आवाज. लूमच्या खात्यात सारा जन्म गेलेला, कान अर्धे बसलेले, आणि अर्ध्या कानाच्या माणसाला आपण किती ओरडतो हे कळत नाही. ते कानात सांगत, ते गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, जेवणात गोड काय आहे, आणि भटजी थांबले. त्यांना वाटलं मुलाकडच्यांची काही हरकत आहे. आमच्या पोरांना या आवाजाचं काहीच वाटायचं नाही. त्यांना तो लूमचाच एखादा नातलग वाटत असावा. पण जगातली सगळी पोरं नवागामात जन्मत नाहीत.

एक पोर सुरतेबाहेर, समुद्राकाठच्या हजिऱ्याला वाढत होतं. ती फुवांची स्वतःची नात.

फुवांचा मुलगा डिप्लोमा करून हजिऱ्याच्या एका कारखान्यात लागला होता आणि कंपनीच्या कॉलनीत राहायचा. तिथे हिरवळ होती, झाडांना चुना लावलेला होता आणि दुपारी म्हणे पान पडलेलं ऐकू यायचं. सून नाशिकची, गोड मुलगी, पण इतकी मऊ बोलायची की फुवांना तिच्या बोलण्यातलं एक अक्षर ऐकू यायचं नाही आणि ते प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचे. या दोघांची मुलगी सई. दीड-पावणेदोन वर्षांची, डोळे केवढाले, आणि फुवांचं पहिलं 'काय गं माय' कानावर पडताच ती जी रडायला लागायची, ती निळी पडेपर्यंत. फुवा दोन वेळा हजिऱ्याला गेले, दोन्ही वेळा तिला घेऊन सून आतल्या खोलीत बसली आणि फुवा बाहेर सोफ्याच्या कडेवर. त्यानंतर ते गेले नाहीत. विचारलं की सांगायचे, तिकडे समुद्राचा वारा बाधतो. अख्ख्या नवागामातली पोरं ज्यांच्या अंगाखांद्यावर, त्यांच्या मांडीवर त्यांची नात तेवढी कधी बसली नव्हती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

त्या दिवाळीत मात्र बोलायची वेळ आली. मुलाला आखातात नोकरी लागली होती. बायको-मुलीला घेऊन तो लाभपाचमेला, म्हणजे आपल्या पांडवपंचमीला, मुंबईला निघणार आणि तिथून विमानाने पुढे. परत कधी यायचं ते कंपनी ठरवणार. फुवांची खोली एवढीशी, म्हणून दिवाळीचे तेवढे दिवस ती तिघं आमच्याकडे राहायला आली. फुवांनी धनत्रयोदशीला खोकी ओट्यावर उतरवली, आतून सईचं रडणं ऐकलं, आणि मला एका बाजूला घेऊन म्हणाले, "माले दखीसन रडस ती. एक डाव मांडीवर बठाले पाहिजे, बस. मंग भलेही जावो." हे त्यांनी कानात सांगितलं, त्यामुळे ते सगळ्या घराला कळलं.

मग घरातला प्रत्येक जण सल्लागार झाला. काका म्हणाले, तिला तुमच्या मिशांची भीती वाटते. फुवांच्या मिशा म्हणजे त्यांचं अर्धं तोंड, लग्नाच्या आधीपासूनच्या. नरकचतुर्दशीला पहाटे त्यांनी त्या उतरवल्या. सई रडायची ती रडलीच, पण आमची बाकीची फौजही त्यांना ओळखेना. सगळी पोरं एका कोपऱ्यात जाऊन बसली, गाडी सुटेना, बंटी तर 'चोर चोर' करत आईच्या साडीत शिरला. पंचाईत झाली. मी माझ्या लेकीच्या काजळाच्या डबीतून फुवांना मिशा काढून दिल्या तेव्हा कुठे प्रवासी डब्यात बसले. पुढचे दोन दिवस हेच. ओट्यावर काजळाच्या मिशा, सईच्या खोलीत जाताना धोतराच्या सोग्याने पुसलेल्या, परत येताना पुन्हा काढलेल्या. संध्याकाळपर्यंत त्यांचा चेहरा चुलीतून ओढल्यासारखा दिसायचा.

फुईचं म्हणणं पडलं, की दोष मिशांचा नाही, नरड्याचा आहे. तिने त्यांच्या तोंडावर रुमाल बांधला. रुमालातून येणारा आवाज तर आणखीच भयंकर निघाला. मुलगा म्हणायचा, "बाबा, हळू बोला ना जरा." फुवा म्हणायचे, हळूच बोलतोय. आणि ते खरं होतं, बिचारे आपल्या परीने कुजबुजतच होते. भाऊबीजेला ते सईच्या दारात एक शब्द न बोलता नुसते बसून राहिले. पाव तास चांगला गेला. सई दाराआडून बघत होती. तेवढ्यात त्यांना शिंक आली.

त्या दिवशी ते न जेवता घरी गेले. माझा फार जीव तुटला. मी आईला म्हटलं, देवाने या माणसाला पोरांचं वेड दिलं आणि नरडं जॉबरचं दिलं, हा काय न्याय झाला? आई म्हणाली, अगं, ती लेकरू आहे, तिला काय कळतंय, आणि डोळे पुसून पुन्हा चुलीकडे वळली.

लाभपाचमेचा दिवस उजाडला. मुलाच्या बॅगा पडवीत लागल्या होत्या, गाडीवाला जेवणं उरकली की येणार होता. फुवा आले, काजळाच्या मिशांसकट, पण त्यांचा जीव कशात नव्हता. गाडी बारडोलीच्या पुढे सरकत नव्हती. पोरंही आठवड्याची न झोपलेली, किरकिरी, डोळे चोळणारी; डब्याडब्यात मारामाऱ्या. लाभपाचमेला गुजराती माणूस नव्या वर्षाचा धंदा सुरू करतो. समोरच्या कारखान्यात पूजा झाली, नारळ फुटला, आणि मुहूर्ताचे लूम चालू झाले. बंद खातं आठवड्याने एकदम खडखडलं. भिंत थरथरली, मांडणीवरचे पेले नाचू लागले, आणि पुढे जे झालं ते पाहायला आमची सगळी बायकामंडळी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली.

पोरं झोपली. एका क्षणी एकमेकांना चावत होती, आणि दुसऱ्या क्षणी खोक्याच्या कडेवर माना टाकून, तोंडं उघडी टाकून, सगळीच्या सगळी ढाराढूर. बंटीच्या हातातली चकली अर्धी तोंडात तशीच. माझी राणी इंजिनाच्या मागच्या डब्यात उलटी झोपली, तिचे पाय तेवढे बाहेर. आख्ख्या घरात एकच लेकरू जागं राहिलं, आणि ते सई. तिने असला आवाज जन्मात ऐकला नव्हता. आईच्या कडेवर ती ताठ झाली, तोंड उघडलं, रडत असणार, पण त्या खडखडाटात ते कुणाला ऐकू येत नव्हतं. सून तिला समजावत होती तेही ऐकू येत नव्हतं. आम्ही सगळे एकदम ओरडत होतो, घाबरू नको बाळा, घाबरू नको.

एकटे फुवा गप्प होते. ते काही ठरवून नव्हे. लूम चालू झाले की तोंड मिटायचं आणि हातांनी बोलायचं, ही त्यांची सगळ्या जन्माची सवय. खात्यात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून मागावरची माणसं हातवाऱ्यांनीच सगळा संसार बोलतात. घरात मात्र फुईने त्याला सक्त बंदी केली होती. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला बोटांनी पाणी मागितलं तेव्हा ती म्हणाली होती, "मी काय तुम्हना खातामधली बाई शे?" तेव्हापासून हात कारखान्यात आणि नरडं घरात, अशी वाटणी झालेली. पण त्या क्षणी फुवांना घर कुठे आणि कारखाना कुठे याचं भान राहिलं नाही. हातात गाडीची दोरी, समोर सगळे प्रवासी झोपलेले, आणि अंगणाच्या पलीकडे माझे वडील उभे. फुवांनी सवयीने त्यांना हातांनी विचारलं, चहा झाला का? वडिलांनी हातांनीच सांगितलं, दूध नाही. फुवांनी दोन बोटं जवळ धरून फटकन अलग केली, म्हणजे धागा तुटला, म्हणजे आता काही खरं नाही.

सईचं तोंड मिटलं. ती फुवांच्या बोटांकडे बघत होती.

मी फुवांच्या दंडाला हात लावून तिकडे दाखवलं. त्यांनी पाहिलं. मग ते अगदी सावकाश खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी पोटापुढे भला मोठा नगारा काढला. याचा अर्थ मालक आला. नगारा पुढे सरकला, डावीकडे वळला, उजवीकडे वळला, प्रत्येक मागाला वाकून बघू लागला. तेल सांडलेलं होतं. नगाऱ्याचा पाय घसरला. फुवांनी आपल्या दोन तळव्यांनी त्याला असा काही आपटला, उठवला, पुन्हा आपटला, की पाहणाऱ्या सगळ्यांनी पोटं धरली. सई हसली. हसू ऐकू आलं नाही, पण तिचे चार दात दिसले आणि मान मागे गेली. फुवांनी मालकाला तीन-चार वेळा घसरवलं. त्यात एकदा मालकाने आभाळातून घास तोडून खाल्ला, एकदा मागाच्या धोट्याचा उंदीर झाला आणि तो फुवांच्या बाहीत शिरला. तो उंदीर बाहीतून मानेवर येऊन बसला तेव्हा सईने आईच्या कडेवरून दोन्ही हात पुढे केले.

आणि फुवा घाबरले. हे मी पहिल्यांदा पाहिलं. नवागामातलं कुठलंही पोर एका हाताने उचलणारा तो माणूस हात मांडीवर ठेवून फुईकडे बघायला लागला, जणू परवानगी हवी. फुईने कमरेवरचा हात काढला, तळवा वर केला आणि दोनदा छातीकडे ओढला. घे, असं. खात्यातला हातवारा, जसाच्या तसा, अगदी सफाईने. जन्मभर जिने ती भाषा घरात येऊ दिली नाही, तिला ती सगळी येत होती.

सई त्यांच्या मांडीवर बसली. नुसती बसली नाही, त्यांच्या काजळाच्या मिशीवर बोट फिरवून ते बोट तिने स्वतःच्या ओठावर ओढलं, आणि आजोबा-नात दोघं मिशीवाले झाले. सगळ्या घराने असा काही जल्लोष केला, की तो लूमच्या आवाजावर मात करून गेला असेल. काकांनी पत्त्यांचा जोड आभाळात उडवला. गुजराती काकी आपल्या दारातून दोन्ही हातांनी ओवाळत होत्या. दिवाळी आमच्याकडे त्या दिवशी झाली, आधीची सगळी नुसती तयारी.

पण मुहूर्ताचे लूम किती वेळ चालणार? घटकाभर चालवायचे आणि बंद करायचे, अशी रीत. आम्हा सगळ्यांच्या मनात एकाच वेळी तीच भीती आली, की आता आवाज थांबणार, फुवा खुशीत 'वाहवा' म्हणणार, आणि संपलं. वडील तसेच अनवाणी गल्ली ओलांडून कारखान्यात गेले. मालकाला ते काय बोलले हे त्यांनी नंतर सांगितलं: शेठ, थोडा वेळ चालू राहू द्या, आमच्या घरी नात आजोबाकडे आली आहे. शेठ आधी बुचकळ्यात पडले, मग स्वतः दारात येऊन पलीकडे डोकावले. त्यांनी बहुधा स्वतःचा नगाराही पाहिला. "चालवा दो," ते म्हणाले, म्हणजे चालू द्या, आणि माणसांना आणखी दोन माग सुरू करायला लावले.

जेवणं उरकली, गाडी आली, तरी लूम चालूच होते. शेवटी कधीतरी ते थांबलेच. आवाज एकदम गेला. सगळ्यांचे डोळे फुवांच्या तोंडाकडे. फुवांनी ओठ घट्ट मिटले होते. सई त्यांच्या मांडीवर, आणि त्यांचे हात चालूच, उंदीर आता तिच्या बाहीत. एक शब्द त्यांनी काढला नाही. मुलगा पाया पडला तेव्हाही नाही, सुनेने वाकून नमस्कार केला तेव्हाही नाही. त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, त्याच्या छातीवर बोट टेकवलं, मग सईकडे दाखवलं आणि मूठ घट्ट मिटली. सांभाळ तिला. मुलगा लहानपणी डबा घेऊन खात्यात जायचा, त्याला ते वाचता येत होतं. तो गाडीत बसेपर्यंत रडत होता, आणि त्याच्याशी फुवांनी रडण्याचा सामना केला नाही.

त्या दिवाळीनंतर फुवा गल्लीतून जे चालायचे ते निवडून आल्यासारखे. भेटेल त्याला सांगायचे, अगदी मोठ्या माणसांनासुद्धा, की माझी नात माझ्या मांडीवर बसली. मिशा पुन्हा वाढल्या. पोरांची गाडी पुन्हा भुसावळला जाऊ लागली. मात्र तिकडून पहिला फोन आला तो नाक्यावरच्या एसटीडीच्या बूथवर, आणि फुवांनी रिसीव्हर कानाला लावून आनंदाने 'काय गं माय' म्हटलं. पलीकडून रडणं आलं. त्यांनी रिसीव्हर फुईच्या हातात दिला आणि काचेबाहेर येऊन उभे राहिले.

पुढच्या रविवारी मी बरोबर गेले होते. फुवा बूथमध्ये शिरले, या वेळी त्यांनीच नंबर फिरवला, रिसीव्हर खांद्याने कानाशी दाबला आणि एक अक्षर न बोलता दोन्ही हात चालवायला लागले. मालक आला, घसरला, उंदीर बाहीत शिरला. बाहेर रांगेतले लोक काचेतून बघत होते. बूथवाला मला म्हणाला, काकांचं बरं आहे ना? मी दार उघडून सांगितलं, फुवा, फोनवर हात दिसत नाहीत हो. त्यांनी रिसीव्हरवर तळवा ठेवला. "माले ठाऊक शे," ते म्हणाले, आणि पुन्हा सुरू झाले. पुढे कितीतरी रविवार ते असेच उभे राहायचे, आणि आम्ही काही म्हणायचं सोडून दिलं.

सून पहिल्यांदा सुट्टीवर आली तेव्हा सगळं सांगत होती. तिकडचा उन्हाळा, तिकडचं पाणी. सई नवख्या माणसांत लाजून तिच्या मागे लपली होती. बोलता बोलता सून तिच्या त्या मऊ आवाजात म्हणाली, "ताई, एक गंमत सांगू का? रविवारी फोन वाजला की आम्ही हॅलो म्हणतो आणि पलीकडून कुणी बोलतच नाही. सई लगेच हात पुढे करते. आबांचा आहे, म्हणते. मग कितीतरी वेळ कानाला लावून गप्प बसते, आणि मध्येच हसते."

फुवांना हे अर्थातच ऐकू गेलं नव्हतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन ते मोठ्याने सांगितलं, मग पुन्हा एकदा सांगितलं. त्यांनी सुनेच्या मागून डोकावणाऱ्या सईकडे पाहिलं, आणि उंदीर हळूच पुन्हा बाहीत सोडला.